आरोग्यावरचा सरकारी खर्च वसूल होतो का? ह्या विषयावर वाद घालायचा कसा

मागच्या डिसेंबरात परभणीकडच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. ठराव होता, या सभागृहाचे मत असे आहे की देशाचा आरोग्यावरील खर्च त्याच्या परिणामांच्या मानाने योग्य आहे. विषय एक नंबर. चौदा पोरंपोरी बोलली, आणि खरं सांगतो, दहाव्या भाषणापर्यंत मी नुसता कागदावर गोल काढायलो होतो, कारण बाजूवाले म्हणायचे केरळ बघा, विरोधातले म्हणायचे अमेरिका बघा, मधेच कुणीतरी कोरोना आणायचं, शेवटी एक शेर आणि टाळ्या. संपल्यावर एक पोरगं चहापाशी आलं, म्हणलं सर मी काहून हरलो, माझ्याकडं तर सगळ्यात जास्त आकडे होते. त्याला तिथं उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धंच होतं, बाकीचं इथं लिहायलोय. स्पर्धेत बोलणार असाल तर उपयोगी पडंल, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकासोबत जुंपली असंल तरी पडंल.

पहिलं काम: पैसा कुणाचा ते विचारा

ठरावात 'देशाचा आरोग्यावरील खर्च' असं लिहिलेलं असतंय आणि पोरं सरळ बजेटवर उडी मारतात. थांबा. ह्या शब्दात दोन वेगवेगळे आकडे लपलेत. एक म्हणजे एकूण आरोग्य खर्च, म्हणजे सरकार, विमा, कंपन्या आणि तुमचा-आमचा खिसा मिळून सगळा. राष्ट्रीय आरोग्य लेखा म्हणून जो सरकारी हिशोब निघतो त्यात २०२१-२२ साली हा जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, ३.८३ टक्के होता. दुसरा म्हणजे त्यातला फक्त सरकारचा खर्च, केंद्र आणि राज्य मिळून, तो १.८४ टक्के. आता २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनं स्वतःच लिहून ठेवलंय की २०२५ पर्यंत हा २.५ टक्के करू. म्हणजे 'खर्च योग्य आहे का' ह्याच्या आधी 'जेवढा कबूल केला तेवढा झाला का' हा प्रश्न येतो, आणि विरोधात बोलणाऱ्यानं इथंच अडकवावं, की ज्या खर्चाचे परिणाम आपण मोजायलोत तो खर्च ठरवलेल्या मापाचा झालेलाच नाही. बाजूवाल्यांनी घाबरायचं नाही, हाच मुद्दा उलटवता येतो: एवढ्याशा पैशात एवढं झालं, तर पूर्ण दिला असता तर किती झालं असतं.

मग तिसरा आकडा, माझ्या मते सगळ्यात कामाचा. लोकांनी स्वतःच्या खिशातून किती भरले. २०१३-१४ साली एकूण खर्चातला ६४.२ टक्के हिस्सा खिशातून जायचा, २०२१-२२ ला तो ३९.४ वर आला. बाजूनं बोलणारा हा आकडा सोन्यासारखा वापरतो, वापरावा पण. पण विरोधात असाल तर रुपयात करून बघा. २०१३-१४ ला माणशी एकूण खर्च ३,६३८ रुपये होता, त्याचे ६४.२ टक्के म्हणजे सुमारे २,३३६. २०२१-२२ ला माणशी ६,६०२, त्याचे ३९.४ टक्के म्हणजे सुमारे २,६००. टक्का घसरला, रुपये मात्र वाढलेच. त्यावर बाजूवाला हुशार असला तर म्हणंल, आठ वर्षांची महागाई धरा की हो, ती धरली तर खरा बोजा कमीच झालाय. हे तो बरोबर म्हणंल. मग तुम्ही म्हणा की २०२१-२२ हे कोरोनाचं साल होतं, सरकारनं लसीवर आणि दवाखान्यांवर एरवीपेक्षा जास्त ओतलं, त्यामुळं खिशाचा वाटा लहान दिसतो. बघा, एकाच आकड्यावर दोघांचे दोन-दोन डाव झाले. असं खेळायला लागलात की परीक्षक गोल काढायचं थांबवतो.

अजून एक, हा खिशाचा आकडा येतो कुठून? घरोघरच्या सर्व्हेवरून. नमुना पाहणीवाला येतो आणि विचारतो की मागच्या ३६५ दिवसांत घरातलं कोण ॲडमिट होतं, किती लागले. अलीकडच्या वर्षांचे आकडे २०१७-१८ च्या पाहणीवरून पुढं वाढवत नेलेले आहेत. म्हणजे ३९.४ ही काही तराजूत घालून मोजलेली गोष्ट नाही, माणसाच्या आठवणीवर उभी आहे. हे का सांगायलोय ते पुढं कळंल.

आमच्या घरातली पिशवी

२०२४ च्या दिवाळीआधी आमचे अण्णा बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं तर एक्सरेचा माणूस रजेवर, जिल्ह्याला घेऊन जा म्हणले. जिल्ह्याला ऑपरेशनची तारीख आठ दिवसांनी. म्हातारा माणूस आठ दिवस कण्हत ठेवायचा का, म्हणून एका खासगीत टाकले. तिथं सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढून दाखवलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणला, आमचं हॉस्पिटल योजनेत नाही काका. सगळं मिळून १,३४,००० लागले. घरात २८ क्विंटल सोयाबीन होतं. हमीभाव ४,८९२ आणि आडतीवर ४,०५०. हमीभावाच्या केंद्रावर नंबर लावून बसायला महिना गेला असता, तेवढा दम खुब्याच्या हाडाला नव्हता. विकलं. १,१३,४०० आले. उरलेल्या वीस हजारासाठी मायची बोरमाळ गहाण पडली.

ह्या सगळ्याच्या पावत्या एका कॅरीबॅगमधे खुंटीला टांगलेल्या आहेत. मागच्या महिन्यात काढून बघितल्या तर मेडिकलच्या निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या झालेल्या, त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून जाते ना तशा. एक्सरेची फिल्म, रिक्षाचे लिहून ठेवलेले आकडे, बाकी पांढरं. आता सर्व्हेवाला आला तर आम्ही त्याला एक लाख चौतीस सांगू. पण क्विंटलमागं ८४२ रुपयांनी जो घाटा खाल्ला, २८ क्विंटलचे साडेतेवीस हजार, तो कुठल्या रकान्यात जाणार? कुठल्याच नाही. बोरमाळीचं व्याज? तेबी नाही.

आता हे वादात कसं वापरायचं. ह्या गोष्टीतून जो मुद्दा निघतो तो असा: सरकारनं आरोग्यावरचा रुपया वाचवला म्हणजे देशाचा रुपया वाचला असं होत नाही, तो रुपया खिसा बदलतो, आणि खिसा बदलताना महाग होतो. सरकार तोच खुबा कमी पैशात बसवू शकलं असतं, आम्ही तो बाजारभावानं बसवला आणि वरून पडत्या भावात माल विकला. म्हणून 'सरकारी खर्चाचे परिणाम' मोजताना नुसती किती माणसं वाचली एवढंच मोजू नका, किती बोरमाळा वाचल्या हेबी मोजा. हा मुद्दा चौदापैकी एकानंबी मांडला नाही हो, आणि त्यातली दहा तरी शेतकऱ्याची लेकरं होती.

पण सावध. स्टेजवर जाऊन रडगाणं लावू नका. गोष्ट चार वाक्यात सांगायची, लगेच आकडा द्यायचा. नुसती गोष्ट सांगितली तर समोरचा एकच वाक्य बोलतो, 'एका घरावरून देश ठरत नाही', आणि तुम्ही गप. आणि विरोधातल्यानं हीच गोष्ट अशी वापरावी: खर्च तर होतोय, कार्ड आहे, योजना आहे, इमारत आहे, तरी एक्सरेचा माणूस रजेवर गेला की सगळं शून्य, मग हा खर्च नेमका कशाला म्हणायचा?

परिणाम म्हणजे ऑपरेशनची संख्या नव्हे

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथं होते. 'ह्या वर्षी इतक्या लाख शस्त्रक्रिया झाल्या' हा परिणाम नाही, ते झालेलं काम आहे. परिणाम म्हणजे माणसाचं काय झालं.

ह्याचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही, बीड आहे. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय २०१९ ला गाजला, सरकारनं समिती नेमली, ८२,३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागं एक. त्यातल्या किती तरी चाळिशीच्या आतल्या. आता कागदावर बघा, दवाखाना होता, डॉक्टर होता, शस्त्रक्रिया झाली, पैसे खर्च झाले. एकूण आरोग्य खर्चात हे पैसे अगदी इमानदारीत मोजले जातात. आणि फळ काय? तिशी-पस्तिशीत कंबरदुखी, हाडं ठिसूळ, परत त्याच फडात कोयता घेऊन. विरोधात बोलणाऱ्याला ह्याच्यापेक्षा जड पुरावा मिळणार नाही की खर्च वाढला म्हणजे आरोग्य वाढलं असं समजू नये. बाजूवाल्यानं काय म्हणायचं? त्यानं म्हणावं की हे बहुतेक खासगीत झालं, बायांनी मुकादमाकडून उचल घेऊन केलं, म्हणजे जिथं सरकारी दवाखाना आणि सरकारी नजर कमी पडली तिथं हे झालं. दोघांनाबी जागा आहे. पण विषय बोलताना त्या बायांना 'बिचाऱ्या' करू नका, पाळीमुळं खाडा पडला की मुकादम दंड कापतो हे आधी सांगा, म्हणजे ऑपरेशन का झालं ते ऐकणाऱ्याला कळंल.

खरे परिणाम म्हणून जे धरतात ते म्हणजे आयुर्मान, बालमृत्यू दर, माता मृत्यू प्रमाण, आणि वर सांगितलं तसं खिशाचं संरक्षण. बालमृत्यू म्हणजे वर्षाच्या आत दगावलेली बाळं, ते हजार जिवंत जन्मांमागं मोजतात, माता मृत्यू लाख जन्मांमागं. हे पाठच करा. त्या दिवशी एका पोरीनं माता मृत्यू हजारामागं ९७ सांगितला, म्हणजे दर दहा बाळंतिणीत एक गेली म्हणायची! २०१८-२० चं माता मृत्यू प्रमाण भारताचं लाखामागं ९७, महाराष्ट्राचं ३३, केरळचं १९. २०२० चा बालमृत्यू दर भारताचा २८, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६, मध्य प्रदेशचा ४३. महाराष्ट्राचा आकडा चांगला आहे, त्याचा अभिमान बाळगा, पण त्या ३३ मधे मुंबई आहे, पुणे आहे, आणि हिंगोलीबी आहे. सरासरी ही अशी चीज आहे की आमच्या शेतात दोन हात पाणी आणि तुमच्या विहिरीत खडखडाट असला तरी गावाला हातभर पाणी निघतं.

खर्चामुळंच झालं हे कशावरून?

इथं खरी मजा आहे, म्हणून जरा जास्त लिहितो.

समजा बालमृत्यू कमी झाले आणि त्याच काळात खर्च वाढला. म्हणून खर्चामुळं कमी झाले का? पाणी चांगलं आलं असंल, पोरी शिकल्या असतील, लग्नाचं वय वाढलं असंल. इंग्लंडमधे क्षयानं मरणाऱ्यांचं प्रमाण स्ट्रेप्टोमायसिन हे औषध यायच्या कितीतरी दशकं आधीपासूनच उतरत होतं. आणि आपल्याकडं २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा त्या डब्यांमधलं पाणी आरोग्य खर्चात कोणी धरलं नाही, पण दवाखान्यातली गर्दी त्यानं कमी-जास्त होतेच की. विरोधात बोलणाऱ्यासाठी हा चांगला दरवाजा आहे: हाच पैसा नळाला, गटाराला दिला असता तर?

मग खरं कसं कळणार? त्याला तुलना लागते, एकाला दिलं एकाला नाही अशी. ह्याची दोन उदाहरणं पाठ करून ठेवा, एक परदेशी, एक आपलं.

परदेशी म्हणजे अमेरिकेतलं ओरेगॉन राज्य. २००८ साली त्यांच्याकडं गरिबांच्या सरकारी विम्यात जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून चक्क लॉटरी काढली. संशोधकांना आयतं रान मिळालं, नंबर लागलेले आणि न लागलेले दोन्ही सारखेच लोक, फरक फक्त नशिबाचा. दोन वर्षांनी तपासलं तर बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर ह्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. विरोधवाले इथंच थांबतात आणि टाळ्या घेतात. तुम्ही पुढं वाचा: नैराश्य कमी झालं, आणि दवाखान्याच्या मोठ्या खर्चानं घर बसण्याचं प्रमाण जवळजवळ संपलं. म्हणजे विम्यानं दोन वर्षांत रक्तदाब उतरवला नाही, पण बोरमाळ वाचवली. आता तुम्ही कशाला परिणाम म्हणता त्यावर निकाल आहे.

आपलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. शेजारची ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खर्च किती? बाळामागं ५.३ डॉलर. आणि दर १८ बाळांमागं एक मृत्यू टळला. गुणाकार करा, एक जीव वाचवायला सुमारे ९५ डॉलर, त्या वेळच्या भावानं साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. एका चांगल्या शेळीच्या किमतीत हो! हे ऐकल्यावर सभागृह शांत होतं, मी करून बघितलंय. पुढं २०११ पासून आशाताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, तो ह्याच धर्तीवर.

बाजूनं बोलताना हे म्हणजे हुकमाचा एक्का. पण समोरचा म्हणंल, हा तर एका संस्थेचा खर्च होता, सरकारचा कुठं? तयारी ठेवा. म्हणायचं की म्हणूनच किती खर्च केला ह्याच्यापेक्षा कशावर केला हे जास्त महत्त्वाचं. पोलिओचं घ्या. भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला भारतासकट सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ते मुख्यतः सरकारी पैशानं झालं, बूथवर बसलेल्या अंगणवाडीताईंनी केलं. लहानपणी बोटाला लावलेली ती काळी शाई आठवते का, तोच पुरावा.

अमेरिकेचं काय करायचं

अमेरिका येणारच. जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या वर खर्च, आणि २०२२ ला आयुर्मान ७७.५ वर्षं. जपान ११ टक्क्यांच्या आसपास खर्चून ८४ वर. विरोधवाला म्हणतो, बघा पैसा ओतून काही होत नाही. ह्याला उत्तर खताचं द्या, आपल्याकडं लगेच पटतं. कोरड्या रानात पहिलं पोतं टाकलं की पिकाला रंग येतो, दहावं पोतं टाकलं की मुळं जळतात. अमेरिका दहाव्या पोत्यावर आहे, शिवाय तिथं खताचाच भाव अवाच्या सवा आहे. आपण २०२१-२२ ला सगळा खर्च मिळून ३.८३ वर होतो, आपलं पहिलंबी धड पडलेलं नाही. थायलंडनं २००२ मधे ३० बाथमधे (बाथ म्हणजे तिथला रुपया) उपचाराची योजना सगळ्यांना लागू केली तेव्हा तोबी काही श्रीमंत देश नव्हता. अमेरिकेवर ह्याच्यापेक्षा जास्त वेळ घालवू नका, चाळीस सेकंद लई झाले.

(जाता जाता, इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. त्या दिवशी आपल्याकडं रझाकार फिरत होते, मराठवाडा मुक्त व्हायला अजून अडीच महिने होते. इंग्लंडशी तुलना करणाऱ्याला हे एकदा सांगून बघा.)

बजेटचे आकडे घेताना

बजेटच्या दिवशी पेपरात येते ती तरतूद. म्हणजे नवरदेवाकडच्यांनी बैठकीत कबूल केलेलं. नंतर वर्षाच्या शेवटाला सुधारित अंदाज येतो आणि खरं किती गेलं ते दोन वर्षांनी कळतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तिन्ही रकाने असतात, प्रत्यक्ष रकमा, सुधारित अंदाज, अर्थसंकल्पीय अंदाज. वादात फक्त प्रत्यक्ष रकमांचा रकाना वापरायचा, आणि समोरच्यानं तरतूद फेकली की शांतपणे विचारायचं, हे दिले का देणार होते?

दुसरी गोम महाराष्ट्राची. आपल्याकडं दोन खाती आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सार्वजनिक आरोग्य विभागाकडं, आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं, अंबाजोगाईचं, लातूरचं मेडिकल कॉलेज हे वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. एकाच खात्याचा आकडा घेतला तर मराठवाड्यातले सगळ्यात मोठे दवाखानेच हिशोबाबाहेर राहतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात उपचार फुकट झाले, ते ह्या विभागापुरतं होतं हेबी लक्षात ठेवा, पोरं सरसकट सगळं फुकट झालं म्हणून सांगतात आणि आपटतात.

योजनेचंबी तसंच. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला नांदेड होता. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा कुटुंबाला दीड लाखाचं कवच, २०२३ ला ते पाच लाख करून सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू करायचं ठरलं. कवच म्हणजे खर्च नव्हे. पाच लाखाचं कवच म्हणजे सरकारनं पाच लाख दिले असं बोलू नका. आणि ही योजना ॲडमिट झाल्यावर लागू होते, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत, त्या खिशातूनच.

नांदेडबद्दल बोलायचं असंल तर

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात २४ तासांत २४ जण गेले, त्यातली १२ नवजात बाळं. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. मराठवाड्यात ह्या विषयावर बोलायचं आणि नांदेड टाळायचं हे जमत नाही, लोक वाट बघत असतात. पण कसं बोलायचं ते ठरवून जा. पहिलं, आवाज खाली. दुसरं, स्वतःलाच विचारा की त्या दवाखान्यात एरवी एका दिवसात किती जातात. तो आकडा हातात नसताना '२४' वर देशाचा निष्कर्ष काढू नका. मोठ्या सरकारी दवाखान्यात हिंगोली, परभणी, तेलंगणाच्या सीमेवरून शेवटच्या घटकेला पेशंट येतात, खासगीनं पैसे संपल्यावर ढकललेलेबी येतात. म्हणून तिथला मृत्यूचा आकडा लहान दवाखान्याशी लावून बघणं हा अन्याय आहे. पण हे सांगून झालं की दुसरी बाजूबी सांगाच, की शेवटच्या घटकेला आलेल्या बाळासाठी औषध आणि पुरेशा नर्स असणं हीच तर त्या खर्चाची परीक्षा आहे. हा विषय टाळीसाठी वापरला की मी तरी मार्क कापतो.

स्टेजवर

सहा मिनिटं असतात. पहिलं मिनिट ठराव फोडण्यात घाला, कुणाचा खर्च, कुठला परिणाम, कोणत्या सालापर्यंतचा. ज्यानं व्याख्या पकडली त्यानं अर्धी मॅच मारली, कारण मग समोरचा तुमच्या रानात खेळतो. नंतर एकच मुख्य मुद्दा, दोन नाही. चार आकडे बास. त्या चहापाशी आलेल्या पोराकडं सतरा आकडे होते, मी मोजले होते, आणि त्यातला एकबी मला त्याच संध्याकाळी आठवला नाही.

समोरच्यानं तुम्हाला माहीत नसलेला आकडा फेकला तर खोटा म्हणू नका, खरा निघाला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. तीन गोष्टी विचारा: कोणत्या सालचा, कशामागं किती, आणि कुणाच्या खिशातला. दहातले सात जण दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात.

'भ्रष्टाचार आहे' हा मुद्दा नाही, ती कुरकुर आहे. तीस हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सपाट भागासाठीचा निकष आहे, तुमच्या गावाचं केंद्र किती गावांना पुरतंय, तिथं डॉक्टरच्या किती जागा मंजूर आणि किती भरलेल्या, हे बाहेरच्या बोर्डावर बघून या आणि तेवढंच सांगा. चपलेला लागलेल्या धुळीसकट सांगितलेला एक बोर्ड नेटवरून ढापलेल्या दहा रिपोर्टांना भारी पडतो. गेलात तर आत बसलेल्या सिस्टरशी नीट बोला, 'ताई जरा माहिती पाहिजे होती' म्हणून, मोबाईल काढून व्हिडिओ सुरू करू नका, ती बिचारी आधीच तीन रजिस्टर एका हातानं भरायलीय.

सराव करताना बाजू बदलून करा. ज्या बाजूचं तुमचं मन आहे त्याच्या विरोधात आधी तीन दिवस बोला, घरच्यांसमोर. चुलती वैतागली म्हणजे समजायचं तयारी बरी चाललीय.

आणि स्पर्धेच्या आधी एक काम, घरच्या दवाखान्याच्या खर्चाचा मागच्या एका वर्षाचा हिशोब काढा. पावत्या शोधा, बहुतेक पांढऱ्या झालेल्या असतील. मग मायपाशी जाऊन बसा आणि विचारा. तिला पावती लागत नाही, कोणत्या महिन्यात कोण पडलं आणि कोणता डाग सोनाराकडं गेला ते तिला तोंडपाठ असतंय.